काळं दिसतं ते पाणी

एकतीस वर्षं हा डावा हात
खांद्यापर्यंत म्हशींच्या आत होता.
उजव्याने कांडी धरली, सह्या केल्या,
घरोघरी चहाचा कप उचलला.
डावा निराळ्याच शाळेत शिकला,
तिथे दिवा नव्हता.

आधी शेण ओंजळीने बाहेर काढायचं.
मग थांबायचं,
तिने धरलेला श्वास ती सोडेपर्यंत.
आतड्याच्या भिंतीपलीकडे एक घट्ट बोर लागतं,
त्याच्यावरून अंगठा फिरवायचा
सुपातल्या धान्यावरून फिरवावा तसा:
मूग.
तूर.
हरभरा.
हरभऱ्याच्याही पुढे गेलं, आणि दाबल्यावर किंचित दबलं,
की हात धुऊन सांगायचं, उद्या पहाटे या.

ट्रेनिंगला सांगितलं होतं,
गायीच्या गाठीला लाखाने असतात,
म्हशीच्या पदरात फार थोडी, काही हजार,
आईच्या पोटात असतानाच मोजून बांधलेली.
लाट उठते, त्यातली मूठभर वाढू लागतात,
एकच पुढे जातं.
बाकीची जागच्या जागी विरतात,
त्यांची नोंद कुठल्याच रजिस्टरात नसते.
मी तरी कधी केली नाही.

बामणोदच्या वैशाखात
केळीची पानं कडेने करपतात, पत्रा हात लावू देत नाही,
आणि म्हशी मुक्या होतात.
हंबरडा नाही, एकमेकींवर उडणं नाही.
आत लाट येते, मोठं झालेलं न फुटताच बसून जातं.
किंवा फुटतं, रात्री अडीचला,
गाव झोपलेलं असताना,
सकाळी दूध काढणाऱ्याला काहीच दिसत नाही.
लोक म्हणतात, भाकड झाली.

पोळा सरला, रात्र वितीवितीने वाढू लागली,
की त्यांचं त्यांना कळतं.
अंधार कशाने मोजतात, कोण जाणे.

सुपडू कोळ्याची चवरी मात्र पोळ्यानंतरही गप्पच.
"बारा महिने झाले, भो. आता इले ठेयून काय करू?
आयतवारी सावद्याले नेतो."
मी जानेवारीतच रिटायर झालेलो.
तरी गेलो.

दवाखान्यातली नवी डॉक्टर आधीच आलेली,
सायरा तडवी, ओढणी कमरेला खोचून,
गळ्यात दप्तराएवढं मशीन.
तिचाही डावाच हात.
मला म्हणाली, "काका, इकडे या, बघा."

राखेवर पाणी शिंपडावं तसा पडदा.
राखाडीत काळे थेंब, चार-पाच बारके,
आणि कडेला एक मोठा, गोल,
विहिरीत वरून वाकून बघावं तसा.
"काळं दिसतं ते पाणी," ती म्हणाली. "तेरा मिलिमीटर.
मुका माज आहे हिचा. विकू नका."

मी बघत राहिलो.
म्हणजे तू असा दिसतोस.
एकतीस वर्षं बोटांनी ज्याला दार वाजवून विचारलं,
तो असा, शांत,
आणि बाजूला त्याची भावंडं, विझत चाललेली.
माझा अंगठा हवेतच फिरला.
सुपडूने पाहिलं, बोलला नाही.

त्या रात्री गोठ्यात तो झोपला, घोरला.
जागी राहिली केवळबाई.
तीनच्या सुमाराला बॅटरीच्या उजेडात
शेपटीखाली काचेसारखा सोट लोंबताना तिनेच पाहिला.
चवरीने हूं की चूं केलं नव्हतं.
दिवस उगवताच सायराने कांडी सोडली.

आयतवार गेला. सावद्याचा टेम्पो दुसऱ्याच कुणाला घेऊन गेला.

आज एकोणिसावा दिवस.
परवा उलटेल, किंवा नाही उलटणार.
उलटली तरी कळेल याचा काय भरवसा, हिचं सगळंच मुकं.
केवळबाई ओसरीवर येऊन विचारते,
"राह्यलं का हो तिले?"
मी म्हणतो, मशीनलासुद्धा महिना लागतो, वहिनी.
"मशीनचं नही इचारत.
तुमचा हात काय म्हणते?"

मी डावा हात सदऱ्याच्या खिशात घालतो.
तिथे तो, माझ्या नकळत,
सुट्या नाण्यांवरून अंगठा फिरवत बसतो.